एक्केचाळीस वेळा वर

सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे, करंगळीच्या नखाएवढा एक पर असतो. तो कापला तरी माशाचं काही अडत नाही.

विटा स्टँड, फलाट क्रमांक चार.

आज प्लास्टिक कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलायचा दिवस नव्हता, पण बाबांनी पिशवी बाहेर ठेवली.

तीस.

चौकोनात वाक्य लिहिता येत नाही.

आठ मासे, तेरा वेळा.

३८

मी कादंबरी. मी मासे मोजते. श्वार्त्सवाल्डातल्या एका नदीवर वीज कंपनीचं धरण आहे आणि धरणाच्या कडेने माशांसाठी पाण्याचा जिना बांधलेला आहे: सिमेंटच्या छत्तीस टाक्या, एकीतून दुसरीत पडणारं पाणी. समुद्रातून परत आलेला सॅमन टाकी टाकी करत वर चढतो. सर्वांत वरच्या टाकीच्या भिंतीत काच आहे, काचेमागे कॅमेरा. मासा वर गेला की प्रोग्रॅम एक मिळवतो, खाली आला की एक वजा करतो.

केंद्रात वाढवून सोडलेल्या पिल्लांचा तो नखाएवढा पर आधीच कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा या नदीतच जन्मला, म्हणजे जंगली. मी फक्त जंगली मोजते.

या वर्षी, सप्टेंबरपासून ऑक्टोबरअखेर: वर एक्केचाळीस, खाली तीन. अडतीस.

करारात तीस लिहिलेत. तीस किंवा जास्त जंगली सॅमन परत आले तर कंपनी पुढची पाच वर्षं जिन्यात पाणी सोडत राहणार. कमी आले तर मार्चमध्ये जिना बंद, आणि त्याबरोबर माझं कॉन्ट्रॅक्ट, माझी अर्धी झालेली पीएचडी.

अडतीस म्हणजे आठ वरचे. मी बॉबलिंगेनला फोन केला. मल्हार, माझा नवरा, तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमचं घरही तिथेच. संध्याकाळी त्याने केक आणला.

१९

बाबा म्हणजे माझे सासरे, आत्माराम. एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक, त्यातली शेवटची अकरा विटा स्टँडवर. सप्टेंबरअखेर तीन महिन्यांच्या व्हिसावर आले, आणि ऑक्टोबरभर खिडकीत बसून कंटाळले.

"अगं, इथे तासभर बसलं तरी कोणी जाताना दिसत नाही."

म्हणून मी त्यांना लॅपटॉपवर वर जाणाऱ्या माशांच्या एक्केचाळीस क्लिप लावून दिल्या.

"चालतं का बाहेरच्याला दाखवलेलं?" मल्हार म्हणाला. "डाटेनशुट्स, गोपनीयता वगैरे?"

"माशांना नसतो डाटेनशुट्स."

"बघ हां. इथे शेजाऱ्याच्या कुत्र्याचा फोटो काढला तरी पत्र येतं."

क्लिप सात-आठ सेकंदांची. हिरवट पाणी, डावीकडून डोकं, मग पोट, मग शेपटी, पुन्हा हिरवट पाणी. बाबा चार दिवस तेवढंच बघत होते. माझी सहा वर्षांची मुलगी स्पृहा शेजारी बसून जर्मनमध्ये प्रश्न विचारायची, ते मराठीत उत्तर द्यायचे. दोघांनाही अर्धंच कळायचं आणि कुणाची तक्रार नव्हती.

पाचव्या दिवशी मी घरी आले तर टेबलावर रेघा मारलेली वही.

"एकोणीस," बाबा म्हणाले.

"काय एकोणीस?"

"मासे. फेऱ्या एक्केचाळीस आहेत. गाड्या एकोणीस."

"अहो बाबा, गाड्या कुठल्या?"

"हे बघ. हिच्या कल्ल्यामागे तीन ठिपके, त्रिकोणात. ऑक्टोबरच्या सहाला गेली, अकराला गेली, एकोणीसला पुन्हा गेली. ही विटा-सांगली शटल. आणि हा थोराड, पाठीवर ओरखडा, हा विटा-स्वारगेट. दोनदा."

"वर गेलेला मासा पुन्हा वर कसा जाईल? मध्ये खाली आला असता तर कॅमेऱ्यात दिसला असता."

"तुमच्या स्टँडला बाहेर पडायला गेट एकच आहे का?"

 गेट एकच नाही. पाणी वाढलं की धरणाची दारं उघडतात. वर गेलेला मासा दमला किंवा चुकला तर धरणावरून पाण्याबरोबर खाली येतो, आणि तिथे कॅमेरा नाही. मग तो पुन्हा जिना चढतो. माझा प्रोग्रॅम पुन्हा एक मिळवतो.

हे मला माहीत होतं. हे सगळ्यांनाच माहीत असतं. आमच्या फाइलमध्ये त्यासाठी एक ओळ होती: 'असे मासे नगण्य धरले आहेत.' कोणी धरले ते कळत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते धरलेलेच होते.

"डिझेल टाकून गाडी परत फलाटाला लागली," बाबा म्हणाले, "तर ती दुसरी गाडी होते का गं?"

२५

ईप्सिता कोल्हापूरची. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. धरणाखाली मासे कुठे थांबतात, हा तिचा विषय. सप्टेंबरच्या मध्यावर तिने आठ जंगली सॅमन पकडून त्यांच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप घातली होती. जिन्यात अँटेना आहे. चिपवाला मासा गेला की त्याचा नंबर नोंदला जातो. तिची फाइल वेगळी, माझी वेगळी. दोन महिने आम्ही रोज एका टेबलावर जेवलो. फाइली शेजारी ठेवल्या नाहीत.

"तुझे आठ मासे वर किती वेळा गेले?" मी विचारलं.

तिने बघून सांगितलं. "तेरा."

"आठ मासे तेरा वेळा? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस का? आणि मला काय माहीत. मोजतेस तू!"

तेरा फेऱ्यांचे आठ मासे, तर एक्केचाळीस फेऱ्यांचे किती? शाळेतलं त्रैराशिक. पंचवीस.

म्हणजे बाबांचं निम्मं खरं. म्हणजे तीस नाहीत. म्हणजे मार्च.

थांबा. चिपवाला मासा हा जाळ्यात सापडलेला, उलटा धरलेला, सुई टोचलेला मासा आहे. तो घाबरून जास्त वेळा खाली येत असेल, तर बाकीचे कमी वेळा आले असतील. मग मासे पंचवीसपेक्षा जास्त. तीसही असतील. किंवा तो घाबरून पुन्हा वर जातच नसेल, आणि बाकीचे पाच-पाचदा जात असतील. मग कमी.

"घाबरतात की नाही, कसं कळणार?" मी विचारलं.

"चिप न घालता बघायला लागेल."

"चिप न घालता ओळखणार कोण?"

ईप्सिताने माझ्याकडे पाहिलं. "तुझे सासरे."

२२

चिपवाल्या माशांच्या तेरा क्लिप मी वेगळ्या काढल्या, तारखा पुसल्या, क्रम उलटसुलट केला. किती मासे आहेत ते सांगितलं नाही.

"परीक्षा घेतेस माझी?" बाबा म्हणाले.

"नाही हो बाबा." मग म्हटलं, "हो."

त्यांनी चष्मा पुसला. चाळीस मिनिटं लागली. वहीत सात रकाने पडले.

हवे होते आठ. सहा माशांच्या सगळ्या फेऱ्या बिनचूक जुळल्या होत्या, पण दोन वेगळे मासे त्यांनी एका रकान्यात घातले होते.

"हे एकच आहे."

"चिप वेगवेगळी आहे, बाबा."

"चिप बदलली असेल."

"ती कातडीखाली असते."

"मग कातडी बदलली असेल. हा ठिपका बघ की!"

मी बघितलं. मलाही एकच वाटला. पुन्हा बघितल्यावर दोन वाटले. तिसऱ्यांदा मी बाबांचा चष्मा लावून बघितलं, तेव्हा काहीच दिसलं नाही.

आठाचे सात करणारा माणूस एकोणीस म्हणत असेल तर खरे किती? बावीसच्या आत-बाहेर. पण तेरा क्लिपमध्ये तो एकदा चुकला, तर एक्केचाळीसमध्ये किती वेळा, आणि दरवेळी त्याच बाजूला चुकेल का?

मल्हार ताटं मांडत होता. "अडतीस, एकोणीस, पंचवीस, बावीस. सरासरी सव्वीस. चला जेवायला."

"चुकांची सरासरी काढत नाहीत, मल्हार."

"आल्झो, म्हणजे आमच्या ऑफिसात तरी तेच करतात."

१७ ते ३४

रात्रीचं जाऊ दे, सकाळी मी नीट हिशेब मांडला. पंचवीस, सतरा ते चौतीसच्या दरम्यान कुठेही. तो कागद घेऊन फ्राऊ वीगांडकडे गेले. त्या माझ्या गाईड, पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "असंच लिहायला हवं. पण कंपनीला पाठवायच्या फॉर्ममध्ये चौकोन एकच आहे."

त्यांनी स्वतः प्रयत्न केला. सतरा, मधे रेघ, चौतीस. चौकोन लाल झाला. खाली ओळ आली: कृपया एक पूर्णांक लिहा.

"ठरलेल्या पद्धतीने मोजलं तर अडतीस," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नदीत किती मासे आहेत ते विचारलेलंच नाही. या पद्धतीने किती मोजले ते विचारलंय."

"मग अडतीस लिहू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग पंचवीस?"

"तसंही म्हटलं नाही. आकडा तुमच्या सहीने जातो. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत."

दारातून मी मागे वळले. "तुम्हाला काय वाटतं, किती असतील?"

"पुष्कळ," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "किंवा नाही."

?

शुक्रवारी मी बाबांना घेऊन नदीवर गेले. का, ते सांगता येणार नाही. रीजनल ट्रेन, मग बस, मग चालत. बसमध्ये बाबांनी ड्रायव्हरला हात केला, त्यानेही केला.

काचेची खोली जिन्याच्या पोटात आहे. थंड, दोन खुर्च्या, एक हिरवा चौकोनी उजेड. मी लॅपटॉप मांडीवर उघडून ठेवला. फॉर्म, रिकामा चौकोन. सकाळचे दहा वीस.

अकरा वाजून गेल्यावर मासा आला. बहुतेक क्लिपमधल्यासारखा चंदेरी नाही. विटकरी लाल, अंगावर डाग पसरलेले, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला. काचेसमोर येऊन तो तिथेच थांबला, शेपटी हलवत.

बाबा उठून काचेपाशी वाकले.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"बाबा?"

"माहीत नाही गं."

"नवा आहे?"

"नवा असेल. स्वारगेटही असेल. रंगच फिरलाय, ठिपके बुडाले सगळे."

"वीण जवळ आली की होतात लाल."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मग हे आधी सांगायचं नाही का? शेवटच्या आठवड्यातले सगळे लाल मी नव्या गाड्या म्हणून धरलेत."

म्हणजे एकोणीसही नाहीत. चौदा असतील. आणि हा समोरचा खरंच नवा असेल, तर असे आणखी किती खाली वाट बघत असतील, ज्यांना कॅमेऱ्याने अजून पाहिलंच नाही? पण मोजणी ऑक्टोबरअखेरच संपली. मी बोटांवर काहीतरी मोजत होते आणि काय ते विसरले.

मासा मागे वळला आणि आला तसा गेला. प्रोग्रॅमने काहीच नोंदवलं नाही. तो वर गेला नव्हता, त्यामुळे खालीही आला नव्हता.

अकरा चाळीस.

"अडतीस लिही," बाबा म्हणाले. "मी काही बघितलंच नाही असं समज. मी कोण, स्टँडवरचा माणूस."

"तुम्ही स्टँडवर अशी नोंद केली असती?"

"नसती केली." ते खुर्चीत बसले. "पण तिथे मला गाड्या माहीत होत्या."

मी अडतीस लिहिलं. चौकोन हिरवा झाला. पुसलं. तीस लिहिलं, फक्त कसं दिसतं ते बघायला. तेही हिरवं. एकोणीसही हिरवं. चौकोनाला कुठलाच आकडा वर्ज्य नव्हता.

पंचवीस कुठून आला ते मला सांगता येत होतं. तो कुठे आणि का चुकला असेल, तेही. बाकीच्या आकड्यांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते मला हवे होते किंवा नको होते.

पंचवीस लिहिलं आणि पाठवलं. अकरा एकावन्न.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"गेला."

"मी तोंड उघडायला नको होतं."

"डबा खाऊन घेऊ बाबा, परतीची बस दीडची आहे."

त्यांनी डबा उघडला. पोळी हातात धरून ते काचेकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. हिरवट पाणी.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी कंपनीच्या माणसाने जिन्याच्या तोंडाशी लोखंडी फळी सोडली आणि पाणी थांबलं. ईप्सिता आणि मी रबरी बूट घालून छत्तीस टाक्यांत उतरलो, अडकलेले मासे बादल्यांत भरून नदीत नेऊन सोडले. सॅमन त्यात एकही नव्हता.

मोजणीच्या त्या सप्टेंबरात, नऊ ते बारा तारखेपर्यंत, चार दिवस, दुरुस्तीसाठी कॅमेरा काढून नेला होता. जिन्यात पाणी चालू होतं.