एक नळी जास्त
मॅनेजर दिनानाथने टॉर्च मारून खात्री करून घेतली. चिखलात खड्डा होता आणि तो अंगठ्याच्या मापाचा होता.

तळोज्याच्या या शीतगृहात चोऱ्या व्हायच्या, पण कोळंबीच्या. चिखल चोरीला जायची ही पहिलीच वेळ. दिनानाथने आधी हमालांवर संशय घेतला, मग शेजारच्या केमिकल कंपनीवर, आणि शेवटी ज्यांचा चिखल होता त्या मनस्वी मॅडमवरच. चिखल थंडीत ठेवायला जो भाडं भरतो तो काहीही करू शकतो, असं त्याचं मत होतं.

मनस्वी समुद्रविज्ञानाच्या एका संस्थेत संशोधक होती. संस्थेतल्या थंड खोलीची दुरुस्ती निघाली, म्हणून अरबी समुद्राच्या तळातून काढलेल्या चिखलाच्या नळ्या तात्पुरत्या इथे, सुरमईच्या शेजारच्या खोलीत आल्या होत्या. उभ्या चिरलेल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, आणि प्रत्येकीवर बाण. बाणाच्या बाजूला आजचा चिखल, जितकं खाली जावं तितका जुना. त्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे शिंपले असतात. त्यांच्यावरून तेव्हाचा समुद्र किती गरम होता, पाऊस किती पडायचा हे कळतं, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकायला एकटा तुळशीराम होता, आणि त्याचा विश्वास बसला नव्हता.

तुळशीराम म्हणजे खोल्यांचं तापमान सांभाळणारा ऑपरेटर. साठीला टेकलेला, कंत्राटी. त्याच्या गावात खाडीकाठी एकदा साहेब लोक आले होते. नळ्या ठोकून माती काढली, नुसती तपासणी आहे म्हणाले, चहा पिऊन गेले. पुढच्या वर्षी तुळशीरामच्या वडिलांच्या मिठागरावर भराव पडला. आता तिथे सेक्टर आहे आणि सेक्टरमध्ये जिम आहे. तेव्हा समुद्राच्या तळाची माती नळ्यांत बघून त्याने घरी बायकोला सांगितलं, की आता समुद्राचा नंबर लागला. चंद्रावतीने विचारलं, एवढा मुरूम आणणार कुठून? मुद्दा बरोबर होता. तुळशीरामचा संशय आणखी वाढला.

मिठागरवाल्यांना एक सवय असते. त्याचे वडील कोंडीतला, म्हणजे मीठ पिकतं त्या वाफ्यातला, चिखल जिभेवर ठेवून बघायचे आणि मगच भरतीचं पाणी आत घ्यायचं की नाही ते ठरवायचे. तुळशीरामने तेच केलं. प्लॅस्टिक सोडवलं, अंगठ्याने चिखल उचलला, जिभेवर ठेवला. शीतगृहात थुंकायला दंड होता, म्हणून गिळला.

दिनानाथने कँटीनमधून मळलेली कणीक मागवली आणि सगळ्यांना अंगठे उमटवायला लावले. रांग तुळशीरामपर्यंत आली.

"कणीक कशाला खराब करता, साहेब," तो म्हणाला. "मीच हाय."

कोणी पाठवलं, किती दिले, माल कुठे पोचवला, असं दिनानाथने एका दमात विचारलं. तुळशीरामने पोटाकडे बोट दाखवलं.

मनस्वीला हसू येत नव्हतं. त्या खड्ड्यात साधारण हजार वर्षांचा पाऊस होता.

"काका, पण का?"

"बगत होतो, खरा हाय का."

"मग?"

"खरा हाय. पन कोनी तुडवलेला नाय." त्याने टाच जमिनीवर दाबून दाखवली. "आमच्या कोंडीत आई पायानं चिखल तुडवायची. पार सिमेंटसारखा व्हायचा. या तुमच्या चिखलाला कोनाचा पाय लागलेला नाय."

नळीचा दुसरा अर्धा भाग दुसऱ्या एका संस्थेत सुरक्षित आहे, त्याला कामावर ठेवा, असं मनस्वीने दोनदा सांगितलं. तिने रदबदली केली म्हणून दिनानाथला वाटलं, दोघं सामील आहेत. महिनाअखेर तुळशीरामची कायमची सुट्टी ठरली.

महिनाअखेरीलाच मनस्वी टेम्पो घेऊन आली. नळ्या मोजल्या तर एक जास्त भरली. तिने पुन्हा मोजल्या. चिखल कमी झाल्यावर काय करायचं ते तिला माहीत होतं, वाढल्यावर काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

जास्तीची नळी प्लंबरकडच्या पाइपची होती. हॅकसॉने चिरलेली, मासे गुंडाळायच्या प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली, वर मार्करने बाण. तिने प्लॅस्टिक उलगडलं. वर मुरूम, मुरुमात गुटख्याची पुडी. खाली काळा गाळ. त्याच्या खाली एक राखाडी थर, इतका घट्ट की सुरीचं टोक घसरलं.

"सेक्टरात गटारासाठी चर खनलाय," दारात उभा असलेला तुळशीराम म्हणाला. "पुन्यांदा बुजवायच्या आधी काडली." मग म्हणाला, "आडवी ठेवा, पन बान बगून."

तिने त्या थरावर अंगठा दाबून बघितला. उमटला नाही.

फाटकावर दिनानाथने टेम्पोतल्या नळ्या मोजल्या आणि जास्तीच्या नळीवर बोट ठेवून विचारलं, ही कोणाची?

"आमचीच," मनस्वी म्हणाली. "आधी मोजायची राहिली होती."

टेम्पो गेला. तुळशीरामने थंडीचं जाकीट घडी करून परत दिलं. वॉचमनने रोजच्यासारखे त्याचे खिसे तपासले, हात उलटेपालटे करून बघितले. नखांत राखाडी माती होती. ती त्याने जाऊ दिली.