पेशन्स ल्युकसचं मरण

आर्डिथ टिंडल खोटं बोलली ती निव्वळ कंटाळ्यापोटी. डेलावेअरमधलं ल्युकस घराण्याचं जुनं विटांचं घर आता संग्रहालय होतं, आणि ते लोकांना दाखवता दाखवता अकरा वर्षांत तिची जीभ झिजली होती. एकदा शाळेची पोरं जांभया द्यायला लागली, तेव्हा ती मधल्या खोलीत थांबून म्हणाली, "इथे पेशन्स नावाची मुलगी राहायची. सहा वर्षांची. घटसर्पानं गेली, याच पलंगावर." पोरं पलंगाभोवती गोळा झाली. मग काय, बाईंना चटकच लागली.

संग्रहालयाचा अध्यक्ष वॉरन प्रेटीमन म्हणजे कागदाशिवाय श्वास न घेणारा माणूस. "ल्युकसांना चार मुलगेच होते, आर्डिथ. ही पोर कुठून पैदा केलीस? पुन्हा कानावर आलं तर घरी बसशील."

त्याच आठवड्यात धुराड्याची डागडुजी करताना डॉमिनिक गवंड्यानं आतली एक वीट उपसली. भाजण्याआधी ओल्या मातीत कुणीतरी बोटानं नाव कोरलं होतं, पेशन्स.

वॉरननं चक्क माफी मागितली. "सुटलात की बाई," डॉमिनिक हसला. आर्डिथनं मात्र वीट उलटी करून ठेवली. ते नाव तिनं आपल्या मांजरीवरून उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पलंगावरून घरघर ऐकू आली. घसा बंद होत आलेल्या लेकराची. "जुनं घर, वारा असेल," पाहुणे म्हणाले. आर्डिथला कळायचं ते कळलं. पोरीला जन्माला तिनं घातलं होतं, आणि मारलंही तिनंच. तिनं पेशन्सचा विषय सोडून दिला, तरी घरघर थांबेना. महिनाभर ती पोर मरत होती आणि मरून संपत नव्हती. आर्डिथला अन्न गोड लागेना.

शेवटी एका रविवारी, वॉरन बड्या देणगीदारांना घेऊन आलेला असताना, ती पलंगाशी उभी राहिली. "पेशन्सला घटसर्प झाला," ती म्हणाली, "पण ती वाचली. मोठी झाली, लग्न करून ओहायोला गेली. सात नातवंडं पाहिली, एक्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेली."

"याला पुरावा?" वॉरननं दात आवळून विचारलं.

"नाही. मी सांगतेय म्हणून."

"किल्ली ठेव आणि नीघ."

तिनं किल्ली ठेवली. खोलीत आता कसलाच आवाज नव्हता. अकरा वर्षांचं घर सुटलं म्हणून तिला रडू आलं, पण ती थांबली नाही. उंबरा ओलांडताना तिच्या मुठीत एक इवलासा हात शिरला, ताप नुकताच उतरलेला, घामानं ओला.

आर्डिथनं खाली पाहिलं नाही. "चल बाळ," ती म्हणाली, "ओहायो लांब आहे."