नाथाजीचा मुतखडा

आमच्या उंब्रजमध्ये आजारांनाही मानपान आहे. शुगर म्हणजे खातंपितं घर. बीपी म्हणजे डोक्यावर जबाबदारी असलेला माणूस. हार्टचं निघालं तर बघायला येणारे आवाज खाली करून बोलतात. मुतखडा हा सगळ्यात गोतावळ्याचा आजार, कारण घरटी एकाला तरी तो होऊन गेलेला असतो. मनाचा आजार मात्र या पंगतीत कुठंच बसत नाही. त्याला बघायला कोणी घरी येत नाही, लांबूनच बघतात.

हे सगळं ठाऊक असल्यामुळंच मुतखड्याची कल्पना मी काढली. पुढं जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलत नाही, पण माझ्याइतकं शहाणं दुसरं कोणी तेव्हा हजर नव्हतं, हेही खरं.

मी नूरजहां. पेठेत माझं बांगड्यांचं दुकान आहे. वीस वर्षं गावातल्या बायकांचे हात दाबून बांगड्या चढवते. बायका तोंडानं काहीही सांगोत, त्यांचा हात खोटं बोलत नाही. अंजनावहिनींना दोन-सहाची बांगडी लागायची, तीही साबण लावून. गेल्या श्रावणात आल्या तर दोन-चारची सुळकन गेली. मी थट्टेत विचारलं, उपास जरा जास्तच धरलेत का. त्या स्टुलावर बसूनच रडायला लागल्या.

त्यांचे मालक नाथाजी फौजेतून हवालदार होऊन तीन वर्षांपूर्वी घरी आले. ऊस उभा, ट्रॅक्टर दारात, मुलगा ऋषिराज पुण्यात शिकायला. कशाला म्हणून कमी नाही. माणसाला दुःख व्हायला काहीतरी कमी असावं लागतं, अशी आपल्याकडं समजूत आहे, त्यामुळं नाथाजींचं दुःख कुणाच्या हिशेबातच बसेना. पहाटे तीनला झोप उडायची. जेवणाला चव नाही. शेतावर जायचं सोडून ते दिवसभर गोठ्यात बसायचे. उगाचच डोळ्यांना पाणी यायचं, आणि तेवढ्यात कोणी आलं तर म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढायचं नाटक करायचे. त्या म्हशीइतकी स्वच्छ म्हैस तेव्हा तालुक्यात नसेल.

मी वहिनींना कराडच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. तो माझ्याकडं कसा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नाथाजी आठ दिवस नको म्हणाले. मग एका अटीवर तयार झाले, गावाला कळता कामा नये. पण दर पंधरा दिवसांनी नवराबायको कराडला जाणार, पिशवीत गोळ्या घेऊन येणार, आणि गाव गप्प बसणार, हे उंब्रजमध्ये शक्य नाही. काहीतरी सांगायला हवंच होतं. मी म्हटलं, मुतखडा सांगा.

लपवायला म्हणून मी असा आजार निवडला, ज्यावर गावातल्या प्रत्येकाकडं औषध आहे. माझी चूक झाली ती एवढीच.

आजारी माणसाला बघायला जाणं आमच्याकडं टाळता येत नाही. कोण आलं हे विसरलं जातं, कोण आलं नाही ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. तिसऱ्या दिवसापासून नाथाजींच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, रांग लागली. बिस्किटाचे पुडे आले, केळी आली, मोसंबी आली. राहीबाईंनी पानफुटीची पानं आणली आणि स्वतःसमोर चावायला लावली. लीलाबाई रोज किटली भरून हुलग्याचं माडगं आणायच्या आणि किटली रिकामी झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. सरपंचांच्या पुतण्यानं बिअर सुचवली, आणि भाऊंना एकट्यानं प्यायला अवघड वाटत असेल तर आपण सोबत बसू असंही सांगितलं.

या सगळ्यांवर वरताण म्हणजे आप्पासो. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, सत्तरीचे, आणि स्वतःचे तीन खडे पाडलेले. ते तिन्ही खडे त्यांनी चुन्याच्या डबीत जपून ठेवलेत. मुतखड्याच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा. ते रोज सकाळी नवाला यायचे आणि जेवणवेळ झाली की नाइलाज असल्यासारखे उठायचे. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. घरी मुलगा, सून, नातवंडं, सगळं भरलेलं होतं.

एके दिवशी त्यांनी नाथाजींना विचारलं, दुखतंय नक्की कुठं. नाथाजींना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी नकळत छातीवर हात ठेवला.

"हात्तिच्या," आप्पासो म्हणाले. "खडा वर चढलाय गड्या."

नाथाजी हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले. वहिनी तशाच पळत माझ्या दुकानात सांगायला आल्या, आणि आम्ही दोघी गिऱ्हाईक सोडून हसत बसलो. गोळ्यांचा गुण येत होता. डॉक्टरीणबाई बोलतं करत होत्या, त्याचा येत होता. आणि मला विचाराल तर त्या सोप्यावरच्या गर्दीचाही येत होता. दिवाळीपर्यंत नाथाजी पहाटे पाचपर्यंत झोपायला लागले आणि एकदोनदा उसाला पाणी पाजूनही आले.

पण आप्पासोंना चैन पडेना. तीन महिने झाले, खडा पडत नाही म्हणजे काय, हा त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. आता आपण स्वतः कराडला येतो, सोनोग्राफी करून घेतो आणि डॉक्टरला चार प्रश्न विचारतो, असं त्यांनी जाहीर केलं. आमची पाचावर धारण बसली. तेव्हा मी ठरवलं, खडा पडलाच पाहिजे.

तारळी नदी गावाला लागूनच आहे. सकाळी पात्रात उतरले आणि तुरीच्या डाळीएवढा, चांगला खरखरीत खडा निवडून आणला. वहिनींनी तो कागदाच्या पुडीत ठेवून सोप्यावर आणला आणि मान खाली घालून सांगितलं की पहाटे पडला. आप्पासोंनी चष्मा पुसला. खडा उजेडात धरून बघितला, मग आपली डबी काढून शेजारी ठेवून बघितला. हा मोठा निघाला. थोडा वेळ त्यांचा चेहरा पडला, पण माणूस दिलदार. त्यांनी पदरमोड करून पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

खडा पडला म्हणजे आजार संपला, हे सगळ्यात आधी पटलं ते नाथाजींनाच.

त्यांनी गोळ्या बंद केल्या. बरं वाटलं तरी आपल्या मनानं औषध सोडायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वहिनींनी हातापाया पडून सांगितलं. पण खडा पडलेला माणूस आता कराडला काय म्हणून जाणार, गावाला काय सांगणार, असं ते विचारायचे. इकडं सोपाही रिकामा झाला. बऱ्या झालेल्या माणसाला बघायला कोण येतं? महिन्याभरात नाथाजी पुन्हा गोठ्यात जाऊन बसले. या वेळी कोणी आलं तरी गोचिड्यांचं नाटकसुद्धा करेनात.

एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते, तर वहिनी समोर उभ्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली. आदल्या संध्याकाळी नाथाजींनी त्यांना कपाटापाशी बसवून सगळे कागद दाखवले होते. सातबारा कुठं, पेन्शनचं पासबुक कुठं, ट्रॅक्टर बिघडला तर कुणाला फोन करायचा. आणि शेवटी म्हणाले होते, मी नसलो तरी तुझं काय अडायचं न्हाई.

मी शटर तसंच अर्धं सोडून निघाले. वाटेत मला फक्त तो नदीतला खडा दिसत होता आणि मी खाल्लेले दोन पेढे आठवत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सोप्यावर आप्पासो आधीच येऊन बसलेले. नाथाजींनी जेवण सोडलंय असं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांनी निदानही केलं होतं, दुसरा खडा. सोबत लीलाबाईंकडून किटली भरून आणली होती. नाथाजी खांबाला टेकून खाली बघत होते.

"आप्पा, ती किटली बाजूला ठेवा," मी म्हटलं. "नाथाभाऊंना मुतखडा न्हाई. कवाच नव्हता. त्यो खडा मी तारळीतनं उचलून आणला व्हता."

आप्पासोंनी आपली चुन्याची डबी चाचपली.

"तरीच," ते म्हणाले. "म्हटलं माझ्यापेक्षा मोठा कसा."

एरवी मी हसून लोळले असते. पण नाथाजींनी मानसुद्धा वर केली नाही, आणि मला कळलं की आता नुसतं त्यांचं गुपित फोडून भागायचं नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि जे सतरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझी कशिश झाली तेव्हा ती रडायची आणि मला तिला उचलून घ्यावंसं वाटायचं नाही. मी भिंतीकडं बघत बसायचे. एकदा विहिरीवर गेले आणि पाणी न काढता तिथंच उभी राहिले. माझ्या नवऱ्यानं, बादशहानं, मला कराडला याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. दीड वर्ष औषध घेतलं. घरी सांगितलं, कंबर दुखते.

"सासूनं दीड वरीस कमरंला तेल चोळलं माज्या," मी म्हटलं. "मरूस्तवर कंबर कशी हाय म्हून इचारायची. एवढी मायेची बाई, पर दुखतंय कुठं ते तिला कवा सांगितलंच न्हाई मी. भाऊ, तुमच्यावानी मीबी मधीच गोळ्या सोडल्या व्हत्या. मला ठावं हाय तुमाला काय वाटतंय."

नाथाजींनी मान वर केली. त्यांचा आवाज इतका बसला होता की पुढं वाकून ऐकावं लागलं.

"भाभी, रोज पहाटं वाटतं, आज उठूच नये. कंदीच उठू नये." मग ते आप्पासोंकडं वळले. "आप्पा, हे असं हाय. तुमाला फसवलं."

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कागदांचं सांगितलं, शेवटचं वाक्यही सांगितलं. त्या म्हणाल्या, क्षणभरही एकटं सोडू नका आणि तारखेची वाट न बघता आत्ताच्या आत्ता घेऊन या. बादशहाची कराडला वडापची, वाटेतली माणसं भरून नेणारी जीप आहे, त्याला हाक मारली. वहिनींनी पिशवी भरली. पण नाथाजी खांब सोडेनात. फौजी माणूस, ओढून नेण्यासारखा नव्हता.

आता आप्पासो उठतील, घरी जातील आणि दुपारपर्यंत गावभर होईल, अशी माझी खात्री होती. ते उठलेच नाहीत. हातातली किटली त्यांनी खाली ठेवली आणि आपल्या धोतराच्या सोग्याशी चाळा करत बसले.

"नाथा," ते म्हणाले, "ही गेल्यापासनं मलाबी झोप न्हाई. भरल्या घरात बसवत न्हाई. रोज हितं येत व्हतो ते काय खड्यासाठी?" मग हळूच विचारलं, "तुज्या त्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या मानसाला तपासत्यात का रं? एकल्याला जायाला धीर व्हत न्हाई."

नाथाजी त्यांच्याकडं वळले. इतके महिने मी त्यांच्या तोंडावर जे बघितलं नव्हतं ते त्या वेळी बघितलं, कुणाची तरी काळजी. ते खांबाला धरून उभे राहिले, आप्पासोंच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं.

"चला," म्हणाले. "मी हाय संगं."

जीपमध्ये मागं आप्पासो आणि वहिनींच्या मधे नाथाजी बसले. मी पुढं बसले. स्टँडपाशी लीलाबाईंनी सवयीनं हात केला आणि बादशहानंही सवयीनं ब्रेक मारला. मी त्याला चिमटा काढेपर्यंत लीलाबाईंनी आत डोकं घातलं होतं. सगळे मिळून कुठं निघालासा, असं त्यांनी विचारलं. आप्पासोंनी माझ्याकडं बघितलं. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. माझ्या जिभेवर तोपर्यंत तीन आजार तयार होते, त्यातला एक तर चांगला नवीन होता.

"मनाच्या डॉक्टरकडं चाललोय, लीलाकाकू," नाथाजी म्हणाले. "मी आन आप्पा. तुमी कुठवर येताय?"

लीलाबाईंनी दोघांना आळीपाळीनं बघून घेतलं. मग पिशवी आत ठेवली, आप्पासोंना जरा सरका म्हणाल्या आणि चढून बसल्या.