ताईची स्टेपनी

“पंक्चरच्या फेसाच्या डब्याने कापलेलं टायर बुजतं होय? डोकं वापर जरा,” मी ताईवर खेकसलो.

दहा वाजता शर्यतीच्या संघासाठी तिची निवडचाचणी आहे, आणि तिची स्पोर्ट्स कार जाणार खाणीच्या धारदार खडीवरून. ती नुसता फेसाचा डबा नेणार होती, मला स्टेपनी हवी होती.

ताई भांडली नाही. पुढचं चाक काढून म्हणाली, “बसव तुझी स्टेपनी, शहाण्या.”

स्टेपनी पुढच्या मोठ्या ब्रेकला अडली.

“मागचं चाक पुढे आणायचं, स्टेपनी मागे, तिथला ब्रेक लहान आहे,” म्हणत तिने अकरा मिनिटांत करून दाखवलं. मग चाकं पुन्हा जागच्या जागी लावून फेसाचा डबा घरात ठेवायला माझ्या हातात दिला. “कापाचं मात्र तुझं बरोबर. स्टेपनीच नेऊ.”

असं सरळ कबूल करणं मला जन्मात जमणार नाही.

स्टेपनीनेच डिकी भरली, म्हणजे तिची बॅग माझ्या मांडीवर येणार. ताई गाडीतून हॉर्न वाजवतेय, मला आता निघायला हवं.