मधुमालतीने अडवलेली गाडी

रोपं-फुलं विकण्याच्या तात्पुरत्या परवान्यात एक अट कडक होती: रोज संध्याकाळी गाडी जागेवरून हलली पाहिजे. हलली तर ती विक्री. हलली नाही तर ते दुकान, आणि दुकानाला त्या उतरत्या फुटपाथवर सक्त मनाई.

रोपवाल्या वहिनींची हातगाडी इमानेइतबारे हलायची. मग वहिनींचा गुडघा धरला आणि गाडी जागीच विसावली. मधुमालतीने संधी साधली. कुंडीच्या भोकातून मूळ जमिनीत उतरलं, वेल दोन्ही चाकांना मिठ्या मारत छपरावर पोचला. येणारेजाणारे म्हणत, "काय बहरलीय!" वहिनींना लेकीचं कौतुक ऐकल्यासारखं वाटे.

परवाना वाढवून द्यायला निरीक्षकसाहेब आले. "गाडी हलवून दाखवा."

वहिनींनी रेटली. त्यांच्या वन्संनी रेटली. गाडी ढिम्म.

"बाई, बांधलेली दुकानं पुष्कळ पाडली मी. उगवलेलं आज पहिल्यांदा बघतोय."

"आम्ही कुठे उगवलं? ते आपणहून आलं," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा हो वन्सं! पाणी कोण घालत होतं?"

"आणि खत कोण घालत होतं?" वन्संनी उलट विचारलं.

साहेबांनी परवाना रद्द करायला पेन काढलं. घरची चूल या गाडीवर पेटत होती. वहिनींनी डोळे मिटले आणि वेलाला कात्री लावली.

गर्दीतले शिंपीकाका म्हणाले, "फाटा टाकणार असाल तर मला द्या."

वहिनींचा एक डोळा उघडला. "टाकते कशाला? कलम आहे ते. मातीपिशवीसकट विकत देते."

मग काय, "मला एक", "मला दोन!" वन्संनी पिशव्यांत माती भरायला घेतली.

"अहो, इथे कारवाई चाललीय!" साहेब ओरडले.

"कारवाईच चाललीय, साहेब. जरा ही पिशवी उघडी धरा," वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी धरली. तेवढ्यात वहिनींनी शेवटचा, बुंध्याजवळचा फाटा छाटला आणि सुटलेली गाडी उताराला लागली. वाटेत साहेबच उभे होते. पिशवी टाकून त्यांनी दोन्ही हातांनी गाडी थोपवली. बूट मागे मागे घसरू लागले.

"हलते का हो, साहेब?"

"हलते! हलते! थांबवा हिला!"

"तोंडी नको. लेखी द्या," म्हणत वहिनींनी परवाना त्यांच्या नाकासमोर धरला. वन्सं हातात वीट घेऊन चाकाशी तयार होत्या, पण त्यांना काही घाई नव्हती.

साहेबांनी खांद्याने गाडी अडवली, एक हात मोकळा केला आणि सही ठोकली. सही जराशी उताराकडे गेली, पण नियमात बसली.