खांब फुटला त्या वेळी

नृसिंह जयंतीला चामराजपुरममध्ये तिरुमलरावांचं कीर्तन असतं, आणि खांब फुटतो तेव्हा ते जी गर्जना करतात, तिच्यासाठी सभागृह भरतं. मी त्यांना पेटीची साथ करते.

यंदा सुरू व्हायच्या आधी त्यांची लेक पावनी माझ्याजवळ माईक लावत होती. ती आवाजावर संशोधन करते. माणसांच्या, माकडांच्या किंकाळ्या मोजते.

"नमिताक्का, बोलताना आवाज सेकंदाला चार-पाचदा हेलकावतो. किंकाळीत शंभरदासुद्धा थरथरतो. तो खरखरीतपणा मेंदूतल्या भीतीच्या जागी थेट पोचतो. पण कोण ओरडलं, ते मात्र चटकन ओळखू येत नाही."

"आणि तुझ्या अण्णांची गर्जना?"

"अय्यो, सूर फार आहे त्यात! सिंह कसला, गवई वाटतो."

तिरुमलरावांनी ऐकलं. "बरं बाई, आज बेसूर सिंह काढतो," म्हणाले.

दिवेलागणीला हिरण्यकशिपूने खांबाला लाथ मारली. बुवांनी छाती भरून श्वास घेतला.

आणि आवाज आला. असा, की माझी बोटं पेटीवर आखडली. अंगावर सरसरून काटा. कुणीतरी "नरसिंहा!" म्हणालं आणि सगळं सभागृह जमिनीला डोकं टेकून वाकलं. पावनीनेही हात जोडले.

तिरुमलराव उघड्या तोंडाने उभे. श्वास अजून छातीतच. मग चिपळ्या टाकून ते लोकांमधून धावत सुटले.

"अंगात आलं! बुवांच्या अंगात आलं!"

लोक त्यांच्या पायांवर पडू लागले. मीही धावत जाऊन एक पाय धरला, कपाळ टेकलं.

"सोडा! मी नाही ओरडलो! मी अजून ओरडलोच नाही!"

तेही आम्हाला देवाचंच बोलणं वाटलं.

त्यांनी मला ढकलून दिलं, तेव्हा कुठे मागच्या स्वयंपाकघरातून जळक्या कापडाचा वास आला. आरतीचा कापूर पेटवताना त्यांच्या बायकोच्या, वरलक्ष्मीवहिनींच्या, पदराने पेट घेतला होता. बुवांनी प्रसादाच्या पानकाचं, गूळपाण्याचं, अख्खं पातेलं त्यांच्यावर ओतलं.

वाचल्या. उजवा हात आणि मान भाजली. तिसऱ्या दिवशी इस्पितळात आम्हाला भेटायला सोडलं. पावनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही... पुन्हा हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.



"एकदा ओरडले की गं. म्हटलं, एवढी माणसं बसलीत, येतीलच."