खोतिणीची अकरा अंडी

मिठबावच्या धोंडूंना गावात मान होता तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे त्यांच्या अढीत पिकलेला आंबा कधी डागी निघत नसे. दुसरं म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालायचं तर ते त्यांनीच. खणखणीत आवाजात त्यांनी ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं, की मागची शंभर माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणत, आणि मग देवाला नाही म्हणायला तोंडच उरत नसे. अशा माणसाच्या पडवीत सरडे पाळले जावेत, हे त्यांच्या बायकोच्या, रुक्मिणीच्या मते मागच्या जन्मीचे भोग होते.

“आये, सरडे नाय ते. ड्रॅगन आसत,” लेक अपेक्षा सांगून थकली. ती कणकवलीला जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती आणि ही जोडी रीतसर कागद करून घेऊन आली होती. ऑस्ट्रेलियातली बुटकी जात, शेपटी धरून फूटभर, हनुवटीखाली काट्यांची दाढी. काचेच्या पेटीत वाळू, दोन दगड आणि वर ऊब देणारा दिवा. नर दिवसभर दिव्याखाली पोट टेकून बसे आणि मादी समोर आली की दाढी काळीकुट्ट करून जोरजोरात मान हलवी, म्हणून त्याचं नाव पडलं खोत. खोतीण उत्तरादाखल एक हात उचलून हवेत सावकाश फिरवी.

धोंडूंनी एकदा गंमत म्हणून पेटीसमोर उभं राहून गाऱ्हाणं म्हटलं. खोत प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिला. त्या दिवसापासून धोंडू त्याच्या पक्षाचे झाले. “देवळात येतत त्या मानसांपेक्षा ह्याचा लक्ष बरा आसा,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले.

गेल्या वर्षी खोतिणीची सगळी अंडी सुकून गेली होती आणि अपेक्षा दोन दिवस धड जेवली नव्हती. या मे महिन्यात खोतिणीने पुन्हा अकरा अंडी घातली. अपेक्षाने ती डब्यातल्या ओलसर भुशात मांडली, प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने टिंब काढलं आणि डबा उबेच्या पेटीत ठेवला. आठवड्याने तिला प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं.

“बाबानू, टिंब वरच रवाक व्हया. पिल्लू आत वरच्या अंगाक चिकाटता. अंडा परातला तर ता आत गुदमारता.”

“माका शिकवतंस? चाळीस वर्सा आंबे पिकवतंय,” धोंडू म्हणाले.

ती गेली आणि तिसऱ्या दिवशी गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला. उबेची पेटी थंडगार पडली. रुक्मिणीने कपाळाला हात लावला, पण धोंडू डगमगणारे नव्हते. माजघरात आंब्यांची अढी लागलेली होती, आणि पेंढ्यात पिकणाऱ्या आंब्याइतकी ऊब कुठल्या यंत्राला जमणार! त्यांनी डबा अलगद अढीच्या मधोमध सरकवला. डब्यातल्या तापमापकाचा काटा लेकीने सांगितला होता तिथेच येऊन थांबला. धोंडूंची छाती वीतभर फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे आंबे परतायला बसले. अढीतला आंबा एका अंगावर पडून राहिला की डागतो, म्हणून तो रोज फिरवायचा. हात आपल्या चालीने चालले होते, डोकं कुठेतरी कलमांत होतं. एक फुटका आंबा बाजूला काढला. वाटेत डबा आला. झाकण उघडलं. एक, दोन, तीन... सातव्या अंड्याला त्यांना जाणवलं की आपण आंबे परतत नाही आहोत.

सात अंड्यांची टिंबं भुशात तोंड खुपसून पडली होती. धोंडूंनी एकेक अंडं पुन्हा सुलटं केलं, झाकण लावलं आणि कोणालाही काही बोलले नाहीत. रुक्मिणीलासुद्धा.

अपेक्षा परत आली. तिने डबा उघडून पाहिला, थोडा वेळ पाहतच राहिली, आणि “अढीत ठेवलात ता बेस केलात,” एवढंच म्हणाली. ते कौतुक धोंडूंना फणसाच्या काट्यांसारखं टोचलं. वीज आली तसा डबा परत उबेच्या पेटीत गेला, आणि पुढचे दोन महिने धोंडू त्याच्याकडे पाठ करून बसत. देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की ‘काय चुकला माकला आसात तर’ इथे त्यांचा आवाज बसे. लोक म्हणाले, धोंडूंचं वय झालं.

जुलैच्या शेवटी चार अंडी फुटली. अंगठ्याएवढी चार पिल्लं, मोठी डोकी वर करून टकमक बघणारी. चारही हात न लागलेल्या अंड्यांतली. मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या सकाळी धोंडूंनी चहा तसाच ठेवला. पडवीत कोणी नाही असं पाहून ते खोताच्या पेटीसमोर हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा,” ते हळूच म्हणाले, “आज गावासाठी नाय, माझ्यासाठी सांगतंय. पोरीन इस्वासान दिलेली सात अंडी ह्या हातान परातली. वर ता लपवून ठेवलंय. काय शिक्षा करूची ती माका कर. पण आतल्या जिवांका भायर काढ रे म्हाराजा!”

खोताने मान हलवली.

“होय म्हाराजा,” मागून आवाज आला. दारात अपेक्षा उभी होती.

धोंडूंचे डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेसुद्धा नाहीत. “तुका... कधी कळला?”

“इलंय त्याच दिवशी. सात अंड्यांवर आंब्याच्या रसाचो आंगठो. मिठबावात एवढो जाड आंगठो दुसऱ्या कोणाचो आसा?”

“मग बोललंस कित्याक नाय?”

“तोंडातसून काढला तर खरा होयत, ह्या भियान गप रवलंय. आणि तुमी सगळ्या गावाचा गाऱ्हाणा घालतास. म्हटला, कधीतरी आपला घालतत काय बघूया.”

त्या दिवशी संध्याकाळी पहिलं पिवळ्या डागाचं अंडं चिरलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी चार. दोन मात्र फुटलीच नाहीत. ती धोंडूंनी हापूसच्या कलमाखाली स्वतःच्या हाताने पुरली आणि बराच वेळ पावसात तिथेच उभे राहिले.

ते पडवीत आले तेव्हा खोतीण पुन्हा वाळू उकरून अंडी घालून बसली होती आणि अपेक्षा नव्या डब्यात भुसा भरत होती. तिने एकेक करून नऊ अंडी मांडली. मग कानावरची पेन्सिल काढून वडिलांच्या हातात दिली.

“ह्या खेपेक टिंबा तुमी काढा, बाबानू.”

धोंडूंनी आधी धोतराला अंगठा पुसला. दोनदा पुसला.